जावईबापू, आमच्या घरात फोन वाजतो

मु. सावळदरा, पो. रोहिणखेड,
ता. मोताळा, जि. बुलढाणा
सोमवार, सकाळ

राजमान्य राजश्री जावईबापू गोविंदराव यांसी, सावळदऱ्याहून आपले सासरे शालिग्राम किसनराव यांचा दोन्ही हात जोडून रामराम. विनंती विशेष.

पत्राच्या सुरुवातीला इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं असं समजा. ते खरं धरू नका. आपल्या तब्येतीची विचारपूस काय करायची, काल रविवारी फोनच्या काचेत आपण मला चांगले गोल गरगरीत दिसलात. पुण्याचं पाणी मानवलेलं आहे. माझी तब्येत विचाराल (विचारणार नाही, तरी सांगतो) तर रक्तदाब वाढला आहे. रोहिणखेडच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि राग राग करू नका म्हणाले, तेव्हा मी त्यांच्यावरच भडकलो. मला समोर बसवून ते स्वतःच्या फोनकडे बघत होते आणि त्यात रेंजच्या सगळ्या कांड्या उभ्या होत्या. सध्या माझ्यासमोर कोणी भरलेल्या कांड्यांचा फोन धरला की माझं डोकं फिरतं. याला कारण कोण, ते पुढे येईलच.

फोन करायचा सोडून मामाजींनी पत्र का लिहिलं, असं आपल्याला वाटेल. फोन लागत असता तर या पत्राचा विषयच उरला नसता. शिवाय फोनवर मला आपल्यावर रागावता येत नाही. आमच्या भागात जावयापुढे सासऱ्यानं आवाज चढवायचा नसतो. जावई आला की पाटाभोवती रांगोळी, धोंड्याच्या महिन्यात त्याचे पाय धुवायचे, वर अनारसे द्यायचे आणि त्यानं एक अनारसा उष्टा टाकला तरी हसत राहायचं. मी एस.टी.त कंडक्टर म्हणून उभी हयात घालवली. दारू पिऊन चढलेल्या माणसाची कॉलर धरून त्याला गाडीखाली उतरवलेलं आहे. एका पुढाऱ्याच्या भावानं तिकीट काढायला नकार दिला, तर भर गाडीत त्याचा असा पाणउतारा केला की पुढच्या थांब्यावर तोच उतरून चालत गेला. पण आपल्यापुढे माझी मान खाली. म्हणून हे पत्र. यात मी मर्यादा कुठेही सोडलेली नाही. फक्त जिथे जिथे ‘आपण’ हा शब्द येईल तिथे तो मी दात खाऊन लिहिला आहे एवढं ध्यानात घ्यावं.

मुद्दा एकच आहे. तो आपल्याला पाठ आहे, तरी कागदावर येऊ द्या. आमची रेणुका, म्हणजे आपली बायको, हिला आठवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. ही रीत काही मी काल काढलेली नाही. खरं तर सातव्यातच पोरीला आणायची असते, म्हणजे आधीच उशीर झालेला आहे. दिवाळीत मेहकरला आपल्या वडिलांच्या घरी आपण सगळे जेवायला बसलो होतो, तेव्हा मी मोठ्या मानानं म्हणालो, की पौष लागायच्या आत पोरीला घेऊन जातो. त्यावर आपण श्रीखंडाची वाटी खाली ठेवलीत आणि अगदी मऊ आवाजात म्हणालात, ‘मामाजी, सावळदऱ्यात रेंज नाही. अचानक काही झालं तर गाडी कशी बोलावणार? घरात फोन वाजत असेल तरच मी तिला पाठवीन.’ पंगतीतले सगळे घास थांबले. आपले वडील महादेवराव माझ्याकडे बघायला लागले. रेणुका ताटाकडे बघायला लागली. आणि मी म्हणालो, ‘आमच्या घरात फोन वाजतो.’

हे वाक्य खोटं होतं असं मी म्हणणार नाही. घाईचं होतं. सावळदऱ्याच्या नावातच दरा आहे. तिन्ही बाजूंनी डोंगर. रेंज वरच्या वर डोंगरमाथ्यावरून निघून जाते, जलद गाडी लहान थांब्यावरून जाते तशी, खाली कोण उभं आहे ते बघतसुद्धा नाही. पण माझा असा समज होता, की फोन चांगला घेतला तर रेंज खाली उतरेल. रेडिओ चांगला असला की स्टेशन लागायचंच ना? मग पोरगी माहेरी येणार की नाही हे सगळं फोनच्या त्या एका डबीवर येऊन थांबलं, आणि मी डबीच्या मागे लागलो.

पहिली डबी आपणच दिलेली, मागच्या वर्षी. मोठा मानाचा आहेर. तिच्या पाठीला तीन डोळे. तीन कशाला, असं मी तेव्हा विचारलं होतं, आणि आपण सांगितलं होतं की एक लांबचं बघायला, एक जवळचं बघायला आणि एक रुंद बघायला. लांबचं एवढं दिसतं तर डोंगरापलीकडचा टॉवर का दिसत नाही त्याला? घराचा उंबरा ओलांडला की वरच्या कोपऱ्यात फुली मारून मोकळा. तो अगदीच निरुपयोगी आहे असं मात्र म्हणवत नाही. आपल्या सासूबाई झुंबरबाई त्याच्या काळ्या काचेत बघून कुंकू लावतात. अंधारात गोठ्यात जायला त्याची बत्ती बरी पडते. (बत्तीच द्यायची होती तर बत्तीच द्यायची होती, आम्ही तिलाही हळदकुंकू वाहिलं असतं.) फोन म्हणून मात्र तो आमच्या घरात एकदाही बोललेला नाही.

तेव्हा मी बुलढाण्याला गेलो. दुकानाचं नाव लिहीत नाही, त्या माणसालाही कुठेतरी सासर असेल. आत शिरल्या शिरल्या त्यानं मला विचारलं, की काकाजी, कॅमेरा केवढा पाहिजे? मी म्हणालो, रेंज केवढी ते सांगा. तो म्हणाला, गेम खेळता का? मी म्हणालो, माझी पोरगी आठव्या महिन्यात आहे, मी कोणता गेम खेळू? त्यानं दुसरा फोन काढला, तो पाण्यात पडला तरी चालतो म्हणाला. आमच्याकडे फोन पडण्याएवढं पाणी उन्हाळ्यात विहिरीतसुद्धा नसतं. तिसरा काढला, तो माणसाचं तोंड बघून उघडतो. शेवटी मी काउंटरवर हात आपटला तेव्हा त्यानं एक फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, ‘काकाजी, ये देखो, फुल रेंज!’ खरंच, सगळ्या कांड्या भरलेल्या. मला भरून आलं. सहज बाहेर येऊन वर बघतो, तर टॉवर दुकानाच्या डोक्यावर उभा. तिथे खुरपं ठेवलं असतं तरी वाजलं असतं.

मी परत आत गेलो आणि अगदी समंजसपणे म्हणालो, की तीन-चार जातीचे फोन माझ्या पिशवीत घाला, घरी नेतो, दोन दिवस ठेवतो, जो वाजेल तो घेतो, बाकीचे जसेच्या तसे परत. यात चूक काय होती ते आपण शिकलेले आहात, आपणच सांगा. बैल घेताना आम्ही त्याला जुपून बघतो. बाजारात उभा असला की कोणताही बैल देखणाच दिसतो. शिंगं रंगवलेली, अंगाला तेल. मानेवर जू ठेवून ओल्या रानात नांगराचे चार तास मारले की मग त्याचा खरा स्वभाव कळतो. फोन बाजारात बघून घ्यायचा आणि जुपायचा मात्र सावळदऱ्यात, हा कोणता व्यवहार? दुकानदार म्हणाला, खोकं फोडलं की फोन जुना होतो, परत घेता येत नाही. मी ओरडलो, ‘फोन घेऊन राह्यलो का लगन लावून राह्यलो बे?’ दुकानातली माणसं हसली. (हे आपल्याला उद्देशून नाही. पण आता लिहिताना वाटतं, असलं तरी हरकत नाही.)

शेवटी तोच शांत झाला आणि म्हणाला, की काकाजी, तुमच्या गावाजवळ टॉवर कोणत्या कंपनीचा आहे ते सांगा, त्या कंपनीचं कार्ड टाकू. मी म्हणालो, कोणत्याच कंपनीचा नाही. ‘मंग फोन बिचारा काय करीन, काकाजी?’ असं तो म्हणाला, आणि हे इतकं सरळ होतं की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या भरात मी एक बटनांचा फोन उचलला, वर बोटभर अँटेना असलेला, आणि तोच घेऊन निघालो. रागात तिकीट फाडलं की आकडा चुकतो हे मला नोकरीत पुरतं कळलेलं होतं, तरी खरेदी मी रागातच करतो.

या बटनवाल्याला घरात एक कांडी यायची. यायची म्हणजे दिसायची आणि पळायची. तिच्यामागे मी फोन हातात धरून स्वयंपाकघर, माजघर, कोठी असा फिरलो. ती पक्की सापडली ती न्हाणीत, पाणी तापवायच्या हंड्याच्या वर, हात पूर्ण ताणून धरला तर. आता फोन तिथे धरायचा म्हटलं तर माझं तोंड खाली राहतं. तोंड तिथवर न्यायचं तर हंड्यावर उभं राहावं लागतं. मी राहिलोही. हंडा कलंडला, मी कलंडलो, कांडी मात्र हलली नाही, तिथेच वर उभी. झुंबरबाई दारात येऊन म्हणाल्या, ‘आंघोय करून राह्यले का फोन करून राह्यले?’ माणसाला पडल्यावर प्रश्न विचारायचे नसतात.

इथे कडूबा आला. कडूबा म्हणजे आमचा शेजारी आणि माझा शाळेपासूनचा सोबती. त्याला सगळ्यातलं सगळं कळतं असं त्याला वाटतं. त्यानं ठरवलं की रेंज उंचावर असते, तेव्हा फोन उंचावर न्यायचा. आपल्या आहेराचा फोन त्यानं कापडी पिशवीत घातला, पिशवी लांब वेळूच्या टोकाला बांधली आणि वेळू आमच्या पत्र्याच्या कडेला उभा केला. दुरून बघणाऱ्याला आमच्याकडे काही उत्सव आहे असं वाटायचं. आणि जावईबापू, तो फोन वाजला. खरंच वाजला. गल्ली धावत आली. मी आणि कडूबानं वेळू उतरवायला घेतला, आणि फोन जसजसा खाली येत गेला तसतशी त्याची रेंज जात गेली, हातात आला तेव्हा गपगार. म्हणजे घरात फोन वाजतो हे आता खरं झालं होतं, फक्त उचलता येत नव्हता. उचलायचीही अट होती का, हे दिवाळीत आपण स्पष्ट सांगायला हवं होतं.

पुढे वानरं आली. आमच्या डोंगरातली वानरं आपल्याला माहीत आहेत, लग्नात आपल्या फेट्याचं काय झालं होतं ते मी उकरून काढत नाही. मोठा हुप्प्या वेळूवर चढला, पिशवी सोडली, फोन काढून घेतला आणि निंबाच्या शेंड्यावर जाऊन बसला. शेंड्यावर त्याला पूर्ण रेंज. फोन पुन्हा वाजला. हुप्प्यानं तो कानाला लावला नाही एवढीच कसर. दचकून टाकून दिला. फोन पत्र्यावर, पत्र्यावरून शेणाच्या ढिगात, म्हणून वाचला. पुढच्या डोळ्यावरून एक चीर गेली तेवढी. (काल माझ्या तोंडावर आडवी रेघ दिसली असेल ती हीच. मार लागलेला नाही.) त्या वेळी फोन कोण करत होतं ते मला पुढच्या बाजारच्या दिवशी मोताळ्यात कळलं. तिथे रेंज असते, म्हणून मी दर बाजाराला तिथूनच रेणुकाशी बोलतो. ती म्हणाली, ‘बाबा, दोन खेपा यायनं फोन लावला, वाजत होता, तुमी उचलला काऊन नाई?’ म्हणजे आपली परीक्षा चालू होती, आणि आमच्याकडून परीक्षेला वानर बसलं होतं. त्याच वेळी तिनं सांगितलं, की येत्या रविवारी सकाळी ते घरी पुन्हा फोन करून पाहणार आहेत, या खेपेला उचलाच.

आता रविवार. यातलं बरंच आपण पाहिलं आहे, पण आपण चुकीच्या बाजूनं पाहिलं आहे, म्हणून आमच्या बाजूनं सांगतो. गावाच्या उगवतीला म्हसोबाची टेकडी आहे. तिथे रेंज येते. कुठल्याही फोनला येते. कडूबाच्या चिकटपट्टी लावलेल्या फोनलाही येते. गावाला बोलायचं असलं की गाव टेकडी चढतं, भांडायचं असलं तरी चढतं, आणि तिथे कोणाचं कोणाशी काय चाललं आहे ते सगळ्यांना कळतं. मी उदास होऊन ओट्यावर बसलो होतो, तेव्हा कडूबा म्हणाला, ‘शालिग्रामभाऊ, जवाईबापूले घर दिसते थोडी! घराचा आवाज आयकू आला पाह्यजे. आवाज आपून वर नेऊ.’ मला हे तेव्हा पटलं. आपल्यालाही पटलं असतं.

म्हणून रविवारी उजाडताच आम्ही घर टेकडीवर नेलं. पाटा-वरवंटा कडूबानं खांद्यावर घेतला आणि वाटेत आपल्याला चार शिव्या दिल्या (मी त्याला समज दिली आहे). ताटं, वाट्या, उखळातली मुसळी, एक बकरी, पाय बांधलेला कोंबडा. कडी वाजायला हवी म्हणून गोठ्याच्या जुन्या दाराची फळी, कडीसकट. आणि झुंबरबाई. त्यांनी फक्त रोजच्यासारखं माझ्यावर ओरडत राहायचं असं ठरलं होतं. त्या म्हणाल्या, यासाठी टेकडी चढायची काय गरज होती. रविवार म्हणून बोलायला आलेली गावातली चार माणसं तिथे होती, त्यांना हात जोडून सांगितलं की पोरीच्या बाळंतपणाचा प्रश्न आहे, थोडा वेळ गप्प राहा. ती बिचारी आपापले फोन पोटाशी धरून ओळीनं बसली.

साडेदहाच्या सुमारास फोन वाजला. कडूबानं वरवंटा चालू केला, बकरी ओरडली, झुंबरबाईंनी ताट आपटलं, कोणीतरी कडी वाजवली. मी फोन कानाला लावला आणि घरात बसलेल्या माणसाच्या आवाजात म्हणालो, ‘हालो, या, बसा.’ (फोनवर बसा म्हणत नाहीत हे मला ठाऊक आहे. आवाज घरगुती वाटावा म्हणून म्हणालो.) तर कानात आपला बारीक आवाज, ‘मामाजी, फोन समोर धरा. व्हिडिओ कॉल आहे. मला नुसता तुमचा कान दिसतोय.’

व्हिडिओ! गोविंदराव, हा कुठला न्याय? दिवाळीत आपण म्हणालात, घरात फोन वाजला पाहिजे. घर दिसलं पाहिजे असं एक अक्षर आपण काढलेलं नव्हतं. माणसाला मेहकरचं तिकीट देऊन गाडी मलकापूरला न्यायची, त्यातला हा प्रकार झाला. मी फोन समोर धरला तर आपण त्या काचेत, मागे पांढरी भिंत, भिंतीवर घड्याळ. आणि माझ्यामागे काय? आभाळ. वारा एवढा की मी एका हातानं टोपी धरून होतो. आपण विचारलंत, ‘वारा फार आहे का हो?’ झुंबरबाई मागून म्हणाल्या, ‘पंखा लावला न जी.’ आणि नेमका त्याच दमात मी म्हणालो, सकाळपासून लाइट नाही. मग शेंदूर लावलेला म्हसोबा आपल्याला दिसला. मी म्हणालो, देवघर. बकरी उडी मारून देवघरावर चढली आणि तिथून आपल्याकडे बघायला लागली. तिच्यामागे ती चार माणसं ओळीनं बसलेली. ती कोण, हे आपण विचारलं नाहीत, म्हणून मीही सांगितलं नाही.

तेवढ्यात आपल्या खांद्यामागून रेणुका आली. मला पोरगी सुकलेली वाटली. तिनं बघितलं, नीट बघितलं, आणि म्हणाली, ‘बाबा, म्हसोबा आपल्या घरात कधी आला?’ आणि हसत सुटली. पोटाला हात लावून हसत होती, आणि हसता हसताच ओढणी डोळ्यांना लावली. आपण मात्र हसला नाहीत. जावईबापू, आपण हसला असता, चिडला असता, खोटारडे म्हणाला असता तरी मी सहन केलं असतं. आपण काय म्हणालात? ‘मामाजी, ऊन वाढलंय. आईंना घेऊन घरी जा.’ घरात बसलेल्या माणसाला घरी जा! इतक्या मऊपणानं माझा अपमान आजवर कोणी केलेला नाही. आणि वर म्हणालात, ‘रेणुकाचं मी असं ठरवलंय की—’ आणि रेंज गेली. म्हसोबाच्या टेकडीवर, जिथे ती भर वादळातसुद्धा उभी असते, तिथे गेली. टॉवरचीच लाइट गेली असेल. आम्ही ऊन डोक्यावर येईपर्यंत थांबलो. मग ताटं, पाटा, बकरी आणि दार घेऊन खाली उतरलो.

काय ठरवलंय? कालपासून ते अर्धं वाक्य माझ्या कानात लोंबकळतं आहे. मला घास गेलेला नाही. मी आपल्यावर रागावलो आहे, दुकानदारावर रागावलो आहे, तीन डोळ्यांच्या त्या डबीवर तर इतका, की ती आत्ता धान्याच्या कोठीत टाकून दिली आहे. मला माझी पोरगी घरी हवी आहे, एवढंच माझं म्हणणं आहे. तिची खोली सारवून ठेवली आहे. नव्या सुंभाची बाज विणून घेतली आहे. शेगडीला कोळसा, ओवा, शेपा, डिंक, खोबरं, सगळं येऊन पडलं आहे. कडूबाची जीप डिझेल भरून आमच्या दारात उभी राहील अशी त्याची बोली झाली आहे. अन् कडूबाला बोलवायला फोन कशाला पाहिजे? मी ओट्यावरून हाक मारली तर रोहिणखेडपर्यंत माणसं उठून बसतात. हाकेला रेंज लागत नाही, जीपला रेंज लागत नाही, बाळाला या जगात यायला रेंज लागत नाही. मग आमचं घर कुठे कमी पडलं?

तरी ते अर्धं वाक्य पूर्ण करून उलट टपालानं पाठवावं. ‘पाठवतो’ असं असेल तर मोठ्या अक्षरात लिहावं. दुसरं काही असेल तर शाई वाया घालवू नये. महादेवरावांना आणि आपल्या मातोश्रींना रामराम. रेणुकाला आशीर्वाद, तिला ताक पिऊ द्या, रोज.

आपले नम्र (नाइलाजानं) सासरे,
शालिग्राम किसनराव

ता. क. पाकीट चिकटवण्यापूर्वी रीत म्हणून झुंबरबाईंना पत्र वाचून दाखवलं. मला वाटलं शाबासकी देतील. त्या निवडत होत्या ती तूर त्यांनी बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, ‘रेणुकाच्या वक्ती, माहेरी माय नोती म्हून मी अठीच होती, तुमी मेहकरच्या गाडीवर होते. माह्या सासूनं मानूस पाठवला, तो मोताळ्याले गेला, तथून निरोप एका गाडीतून दुसऱ्या गाडीत फिरत गेला. मी अखा दिवस दाराकडे पाहून राह्यली होती. मरतो का जगतो कयेना. पोरीले असं दाराकडे पाहाले नोका लावू.’ मी म्हणालो, पण निरोप पोचला की नाही? आमच्या ड्रायव्हर-कंडक्टरांनी पोचवला की नाही? ‘पोचला,’ त्या म्हणाल्या. ‘पोरगी झाल्यावर.’ ते दाराकडे बघणं त्यांनी मला आजवर कधी सांगितलं नव्हतं. मला फार राग आलेला आहे. कोणाचा, ते अजून ठरलेलं नाही.

ता. क. दुसरा. तेव्हा वर मागितलेलं वाक्य आता पाठवू नका. रेणुकाला तिथेच ठेवा, दवाखान्याजवळ. झुंबरबाई उद्याच्या पुण्याच्या गाडीनं तिच्याजवळ राहायला येत आहेत आणि हे पत्र त्यांच्याच पिशवीत टाकतो आहे. पाकिटावरचं तिकीट ओलं करून काढून घेतलं. डिंकाचे लाडू सोबत आहेत. बाज गाडीत घेता येत नाही, नाहीतर तीही पाठवली असती. बाईंना लिफ्टची भीती वाटते, त्यांच्यासोबत कोणीतरी जावं. सकाळी चहा लागतो, पण त्या मागणार नाहीत, आपणच विचारावं. मी येत नाही. आमच्यात मुलीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरी मुक्कामाला राहत नाही, आणि पुण्याच्या खानावळीत माझं पहिल्याच दिवशी कोणाशी तरी भांडण होईल. शिवाय इकडे कापूस फुटला आहे आणि म्हैस दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही.

ता. क. तिसरा. खरी विनंती राहिलीच. डबी कोठीतून काढून पुसून ठेवली आहे. रोज सकाळी दूध काढून झालं की मी टेकडीवर जाईन आणि संध्याकाळीही जाईन. डॉक्टरांनी तारीख कोणतीही दिलेली असो, मी उद्यापासूनच जाणार. पोरीला दवाखान्यात न्याल तेव्हा कळवा, मग मी तिथेच बसतो, कडूबा भाकर आणून देईल. व्हिडिओच लावा. आधी रेणुका दाखवा, मग बाळ. बोलायला कोणाला सवड नसली तरी चालेल, मी नुसतं बघीन. आणि मधेच रेंज गेली तर पुन्हा लावा. मी खाली उतरणार नाही.